जांभळे पातळ

पत्नी हयात असताना एका दुपारी आम्ही दोघांनी एक जुना अमेरिकी चित्रपट पाहिला. कृष्णधवल होता. त्याचे नाव मी टिपून ठेवले नाही. मला चित्रपटांची आवड नाही, तिला होती. तिला इंग्रजी येत नसे, म्हणून पडद्याखालची अक्षरे वाचून मी तिला वाक्यागणिक मराठीत सांगत होतो.

कथा साधी होती. घड्याळे विकणारा एक फिरता विक्रेता पावसात भिजत परक्या गावी उतरतो. हॉटेलातली बाई त्याला भलत्याच नावाने हाक मारते आणि खोलीची किल्ली पुढे करते. तो दमलेला असतो, किल्ली घेतो. दुसऱ्या दिवशी एक वकील त्याला एका आजारी, श्रीमंत म्हाताऱ्याकडे नेतो. म्हातारा त्याला आपला पुतण्या समजतो. त्या घरात ऊब असते, जेवण असते. हा गप्प राहतो. पुढे कळते की खरा पुतण्या खून करून पळालेला आहे. पोलीस दारात येतात तेव्हा हा ओरडून ओरडून सांगतो की मी दुसरा माणूस आहे. कोणी मानत नाही. शेवटी एक कबर दिसते. तिच्यावर पुतण्याचे नाव असते आणि आत हा असतो.

पत्नीने पदर डोळ्यांना लावला. मी म्हणालो, "पहिल्याच प्रसंगात 'बाई, तुमची चूक होते आहे' एवढे बोलला असता, तर प्रकरण तिथेच मिटले असते."

"तुमाले सोपं वाटते," ती म्हणाली. "त्याले भूक लागेल व्हती. अन् ते बोलायची एक येळ असते. ते येळ गेली का मंग तोंडात बत्तीस दात असून काय फायदा?"

भूक ही खोट्या ओळखीची सबब होऊ शकत नाही, असे मी तिला सांगितले. ती चहा ठेवायला उठून गेली.

मी असे बोललो याला कारण माझी नोकरी. मी बुलढाण्याला कोषागारात कारकून होतो आणि पुढे त्याच टेबलावरून निवृत्त झालो. दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतन घेणारी माणसे माझ्यासमोर येत आणि आपण जिवंत आहोत व आपणच ते आहोत, हे सिद्ध करीत. ते मान्य करणे वा न करणे माझ्याकडे होते. सही जुळली नाही तर मी माणूस परत पाठवीत असे. एका निवृत्त शिक्षकांचा हात कापत असे. त्यांना मी तीनदा परत पाठवले. चौथ्या वेळी त्यांचा मुलगा मृत्यूचा दाखला घेऊन आला. तो कागद बिनचूक होता. मी तो दाखल करून घेतला.

पत्नी गेल्यावर घरात करण्यासारखे काही उरले नाही. आमच्या निवृत्तांच्या मंडळाने सांगितले म्हणून मी गावोगावच्या अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांचे हयातीचे दाखले घरी जाऊन करू लागलो. आता हे काम फोनवर होते. फोन चेहऱ्यासमोर धरायचा, माणसाने डोळे मिचकावायचे, फोन मान्य करतो. इतर जण दोन मिनिटांत एक घर उरकतात. मी मूळ कागद मागून घेतो, वाचतो, आणि नाव विचारल्याशिवाय फोन बाहेर काढत नाही. ही माझी जुनी पद्धत आहे. पुढे जे झाले ते या पद्धतीमुळे झाले.

दोन वर्षांपूर्वी, भाऊबीज होऊन चार दिवस झाले असताना, मी देऊळघाटला एका घरी गेलो. चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा. नवरा रस्त्यांच्या खात्यात मैलकुली होता. त्याच्या मागे तिला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळत होते. तिच्या कागदात एक जुना घोटाळा होता. लग्नात आपल्याकडे मुलीचे नाव बदलत. बँकेत तिचे सासरचे नाव होते. पण नवऱ्याच्या सेवापुस्तकात, कुणा प्रामाणिक कारकुनाने, तिचे माहेरचे नाव लिहून ठेवले होते, पुढे तिच्या वडिलांचे नाव. दोन्ही नावांची बाई एकच, हे पडताळणे आवश्यक होते.

मी उंबऱ्यात उभा राहून कागदावरचे माहेरचे नाव मोठ्याने वाचले, वडिलांच्या नावासकट.

आत बाजेवर एक लहानसे शरीर होते. ते उठून बसले. एक डोळा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत गेलेला, दुसऱ्यात दुधासारखी साय. तिने तोंड दाराकडे वळवले.

"आला का रे?" ती म्हणाली. "आला का भाऊ?"

मी आत गेलो. तिने हवेत हाताने चाचपले आणि माझे मनगट धरले. त्या हातात एवढे बळ असेल असे वाटले नव्हते.

"तीस-चाळीस वर्षं झाले, या नावानं मले कोणी बलावलं नाही. माय मेली, बाबा मेले. हे नाव घेणारा आता दुनियेत एकच उरेल व्हता. काऊन एवढा उशीर केला रे?"

तिच्या मागे तिचा मुलगा उभा होता, साठीच्या घरातला, भाजीपाला पिकवणारा माणूस. हाताला मेथीची माती होती. त्याने माझ्याकडे पाहून दोन्ही हात जोडले आणि मान हलवली. बोलू नका, एवढाच त्याचा अर्थ होता.

'आजी, तुमची चूक होते आहे' हे वाक्य माझ्या ओठावर आले होते, हे मी इथे नमूद करतो.

ती म्हणाली, "सूनबाई, ताट कर. दिवस गेला तरी चालते. भाऊ आला तोच बीजेचा दिवस."

सून ताट घेऊन आली. म्हातारीने माझ्या कपाळाच्या अंदाजाने कुंकू लावले. ते भुवईवर गेले. सुनेने तिचे हात धरून निरांजन फिरवले. ताटात काहीतरी घालावे लागते. भाऊ नसलेल्या माणसाने बहिणीच्या ताटात ओवाळणी घालणे मला खोटा दाखला देण्यासारखे वाटले. मी खिशातले पेन घातले. तिने ते चाचपून पाहिले आणि हसली.

"लिवनं-वाचनं शिकला का रे? शाळेत तं मास्तर तुले रोज उभा करत जाये."

फोनचे काम झाले नाही. फोन तिला डोळे मिचकावायला सांगत होता आणि तिच्या डोळ्यांतले मिचकावणे त्याला दिसत नव्हते. मी कागदावर अंगठा घेतला. दाखल्याखाली 'समक्ष ओळख पटली' असे लिहिले. तिची ओळख पटली होती, त्यात असत्य काही नव्हते.

बाहेर आल्यावर मुलाने मला गोठ्याच्या आडोशाला नेले.

"माफ करा काका. मामा तीस वर्षांखाली तोडून गेला. बाबा बिमार व्हते, तवा मायनं माहेरच्या वावरात हिस्सा मांगला. सह्या करून द्यायच्या सोडून वकिलाची नोटीस धाडली. मामा इथं आंगणात येऊन म्हणे, आजपासून तुले माहेर नाही. मी मेलो समज. गेला तो गेलाच."

"तो कुठे आहे?"

"कोणाले मालूम. आता मायले एकच ध्यास. म्हणते, मी मेली का मह्या आंगावर माहेरचं पातळ कोण टाकीन? रात्रंदिवस तेच. आज पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू पाह्यलं. महिन्यातून एक चक्कर मारत जा, काका. तिचे आता किती दिवस राह्यले?"

ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे बाई गेली की तिच्या माहेराहून वस्त्र येते. भाऊ आणतो, भाऊ नसेल तर भाचा. ते अंगावर पडल्याशिवाय बाया तिरडी उचलू देत नाहीत. सासरी साठ वर्षे काढलेली असली तरी शेवटची घडी माहेरची लागते.

माझ्या पत्नीचे माहेर धामणगाव बढे. तिच्या मृत्यूच्या वेळी तिथे कोणी उरले नव्हते. गल्लीतल्या बाया माझ्याकडे पाहत थांबल्या होत्या. एकीने दबक्या आवाजात विचारले, कोणाले तरी धाडता का, निदान त्या गावच्या दुकानातून तरी येईल. दुपार झाली होती, ऊन होते. उशीर होतो आहे, उचला, असे मी म्हणालो. त्यांनी उचलले.

याहून अधिक त्याबद्दल लिहिण्याची गरज नाही. देऊळघाटला मी पुढच्या महिन्यात गेलो, एवढे पुरे.

नंतर दर महिन्याला गेलो. ती बोले आणि मी ऐके. दुसऱ्या एका माणसाचे बालपण मला तुकड्या-तुकड्याने कळत गेले. तो विहिरीत पडला होता आणि हिने आईच्या लुगड्याची दोरी टाकून त्याला धरून ठेवले होते. तो गुळाची ढेप कोरून खाई आणि नाव मांजराचे सांगे. मी हो म्हणत नसे, नाहीही म्हणत नसे. "बरं" म्हणे. तेवढ्याने तिचे भागत असे.

एकदा ती म्हणाली, "बोलत काऊन नाहीस रे? लहानपणी तं रेडिओ व्हता तू."

सून चुलीपाशी होती. ती म्हणाली, "आत्याबाई, सरकारी नोकरीत बोलायचे पैसे वेगळे लागते."

म्हातारी खूप हसली. मीही हसलो असेन.

माघात तिने मला जवळ ओढले. "माफ केलं का मले? मी नोटीस धाडली व्हती. घरात औषधाले काही नव्हतं. सांग, केलं का?"

क्षमा करण्याचा अधिकार माझा नव्हता. मी म्हणालो, "झाले ते झाले."

"मंग एक ऐक. मी गेली का पातळ आणशील ना?"

"आणीन."

"पांढरं नको आणू. रांड-रांडवाचं पांढरं नको. माय पांढऱ्यात गेली, मले पाहावलं नाही. मले जांभळं आण. पिकल्या जांभळासारखं. काठ कसाही असू दे."

मी "आणीन" म्हणालो होतो. आयुष्यात मी अनेकांना नाही म्हटले, पण होकार दिलेले काम अपुरे ठेवले नाही. बुलढाण्याच्या बाजारात मी नऊवारी जांभळे पातळ घेतले. दुकानदाराने कोणासाठी म्हणून विचारले. बहिणीसाठी, असे तोंडून गेले. मला बहीण नाही.

ते पातळ कपाटात ठेवल्यावर मला स्वस्थता लाभेना. वस्त्र भावाचे हवे होते. मी आणलेले म्हणजे बनावट सहीचा कागद, आणि तो मला पचेना. म्हणून मी त्या माणसाचा शोध घेतला. माझ्या जुन्या ओळखी तलाठ्यांकडे, बँकांत, शाळांत आहेत. माणूस नातेवाइकांपासून लपू शकतो, कागदांपासून लपणे कठीण. दीड महिन्यात पत्ता लागला. तो देऊळगाव राजाला होता.

चिखलीमार्गे बसने गेलो. बालाजीच्या देवळामागच्या गल्लीत पिठाची एक गिरणी होती. तिच्या दारात पोत्यावर एक बुटका, काळा, रुंद माणूस बसला होता; भुवया पिठाने पांढऱ्या. मी उंच आहे आणि गोरा आहे. आमच्यात सारखे काहीच नव्हते.

मी सगळे सांगितले. त्याने मधेच उठून गिरणी बंद केली. मग शांतता एवढी झाली की मला माझा आवाज मोठा वाटू लागला.

"म्हंजे तुम्ही माह्या जागी जाऊन राह्यले," तो म्हणाला.

"गेलो. चूक माझी आहे."

"अन् तिनं वळखलं नाही?"

"तिला दिसत नाही. मी कागदावरचे तिचे माहेरचे नाव घेतले. त्यावरून तिने ओळखले."

तो बराच वेळ तळहातावरचे पीठ झाडत राहिला. "तिचं ते नाव मीच मोडून टाकलं व्हतं," तो म्हणाला. "लहानपणी मले सबंध म्हणायले जमत नव्हतं. अर्धंच म्हणत जाओ." मग म्हणाला, "तुम्ही सबंध घेतलं असंल."

"सबंध. वडिलांच्या नावासकट."

"तरी वळखलं म्हणते! भलतीच घाई झाली व्हती तिले."

तो येईल असे मला वाटले नव्हते. आठ दिवसांनी त्याचा फोन आला की, गुरुवारी येतो, तुम्ही पण या, मले एकट्याले त्या आंगणात पाय टाकवणार नाही.

गुरुवारी आम्ही दोघे देऊळघाटला उतरलो. त्याच्या हातात कागदात गुंडाळलेली घडी होती. अंगणात तो थबकला. मी पुढे झालो. त्याच वेळी 'तुम्ही पुढे व्हा' म्हणायला हवे होते.

"आला का भाऊ?" आतून आवाज आला. माझ्या पावलांची आता तिला ओळख झाली होती.

मुलाने मामाला ओळखले. त्याचा चेहरा पडला. तो पाया पडायला वाकला. मामा बाजेपाशी गेला, खाली बसला आणि त्याने तिला लहानपणच्या त्या अर्ध्या नावाने हाक मारली. "मी आलो," तो म्हणाला.

तिचा हात मागे गेला. "हा कोण?"

"मी हाओ ना बाई. तुहा भाऊ."

"मह्या भावाले मी वळखत नाही का? भाऊ हा उभा हाय." तिने माझ्या दिशेने बोट केले. "तू कोणाचा माणूस हायेस? वावरासाठी कोणी धाडलं तुले? हे नाव कोणी शिकवलं?"

"आये, मामाच हाय हा," मुलगा म्हणाला.

"तू चूप बैस. तुले काय मालूम, तू तवा वावरात व्हता." मग माझ्याकडे तोंड करून ती म्हणाली, "सांग रे याले. सांग तू कोण हायेस."

खोलीत पाच माणसे होती आणि चौघांची तोंडे माझ्याकडे होती. मी बाजेपाशी गेलो आणि प्रत्येक शब्द वेगळा उच्चारून सांगितले, "आजी, हे तुमचे भाऊ आहेत. मी कोषागारातला कारकून. पहिल्या दिवशी तुमची चूक झाली आणि मी ती दुरुस्त केली नाही."

ती ऐकत राहिली.

"म्हंजे माफ नाही केलं तू," ती म्हणाली. "अजून राग हाय. तवा म्हणे मी मेलो समज. आता म्हणते मी कारकून समज. एक बार तोडलं ते पुरं नाही झालं का रे? मरता मरता पुन्हा तोडतं?"

मी पुन्हा तेच सांगितले. ती ऐकत नव्हती. तिने माझे मनगट धरले होते आणि तिचा श्वास लागला होता. सून पाणी घेऊन धावली. मुलगा म्हणाला, "काका, राहू द्या. जीव जाईन तिचा."

मी त्या बुटक्या माणसाकडे पाहिले. पोलीस, न्यायाधीश, साक्षीदार काय म्हणावे ते त्या क्षणी तोच होता. त्याने मला मानेने खूण केली.

मी म्हणालो, "राग नाही. चेष्टा केली."

तिचा श्वास हळूहळू खाली बसला. "अशी चेष्टा करतेत का रे," ती म्हणाली.

तो उठला. कागदातली घडी त्याने बाजेच्या पायथ्याशी ठेवली, आणि अंगणात जाऊन चप्पल घातली. मी बाहेर आलो तेव्हा तो फाट्याच्या दिशेने निम्म्या वाटेवर होता. मी हाक मारली नाही. त्याला कोणत्या नात्याने हाक मारणार होतो?

ती चैत्रात गेली. सकाळी मुलाचा फोन आला. मामाला कळवले का, असे मी विचारले. कळवले होते. तो म्हणाला होता, "तिचा भाऊ हाय ना तिथं," आणि फोन ठेवला होता.

मी जांभळे पातळ पिशवीत घालून देऊळघाटला गेलो. अंगणात माणसे बसली होती. आत बायांनी तिला आंघोळ घालून निजवले होते. त्यांतली एक वयस्क बाई दारात येऊन म्हणाली, "भाऊ आले, आता माहेरचं द्या. तेवढ्यासाठीच थांबेल हाओ."

मी मुलाला त्या गुरुवारची घडी आणायला सांगितले. सुनेने ती पेटीतून काढली. कागद अजून उघडलेला नव्हता. मी सुतळी सोडली.

पातळ पांढरे होते. बारीक निळा काठ. विधवेला पांढरे नेतात, तसे त्याने नेले होते. तिची मागणी त्याला ठाऊक नव्हती. त्याच्यापाशी ती कधी बोललीच नव्हती. माझ्यापाशी बोलली होती.

एका हातात तिच्या भावाने आणलेले वस्त्र होते, जे तिला नको होते. दुसऱ्या हातातल्या पिशवीत तिने मागितलेले होते, जे तिच्या भावाचे नव्हते. बाया वाट पाहत होत्या. ऊन वर येत होते. या वेळी मी 'उशीर होतो' म्हणालो नाही.

दोन्ही घाला, असे कोणी म्हणेल. त्या बाईने एकच मागितले होते, माहेरचे. दोन माहेरे नसतात. आणि जांभळे घातले असते तर त्या घरात शेवटचा खोटा दाखला माझ्या हातचा ठरला असता, तोही अशा माणसाच्या विरुद्ध, ज्याला मी एकदा दारातून परत पाठवले होते. मी माणसे परत पाठवण्यात आयुष्य घालवले आहे.

मी पांढरे पुढे केले.

"कोणाचं समजायचं?" त्या बाईने विचारले, कारण घडी घरातल्या पेटीतून निघालेली सगळ्यांनी पाहिली होती.

"भावाचे," मी म्हणालो.

त्यांनी ते तिच्या अंगावर पसरले. सुनेने माझ्याकडे पाहिले. "आत्याबाईले पांढरं नको व्हतं," ती हळू बोलली. फक्त मला ऐकू यावे एवढेच. मी पिशवी पाठीमागे धरली होती. तिला ती दिसली असावी.

तेराव्यानंतर मी देऊळगाव राजाला गेलो. त्याला कळवणे आवश्यक होते. गिरणीत एका बाईचे ज्वारीचे दळण चालू होते. ते होईपर्यंत मी पोत्यावर बसलो. दळण उतरले, बाई गेली, त्याने पट्टा थांबवला.

"तुमचेच पातळ घातले," मी सांगितले.

त्याने मान हलवली. पीठ गोळा करण्याच्या कुंच्याने तो जागा झाडू लागला. झाडून झालेली जागा पुन्हा झाडली. मग पाठमोरा असतानाच त्याने विचारले, "तिनं काही मांगलं व्हतं का? रंगाचं? आमची माय गेली तवा ती रडत म्हणे, मी नाही बाप्पा अशी पांढऱ्यात जाणार. घेतलं तवा मले याद नाही आली. बसमध्ये बसल्यावर आली. मंग उतरून बदलता आलं असतं. चिखलीले दहा मिनिटं थांबेल व्हती बस. म्हटलं, जाऊ दे, इचारून घेऊ तिलेच." तो वळला. "इचारायचं राहून गेलं."

माझे उत्तर एका शब्दाचे होते आणि तो शब्द मला ठाऊक होता.

"शेवटी पांढरेच मागितले," मी म्हणालो. "भाऊ आणील ते, असे म्हणाली."

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले. मी टेबलापलीकडच्या माणसांकडे पाहत असे तसे, सही पडताळताना. त्याने मानले की नाही हे मला आजही सांगता येत नाही. दारात दुसरी बाई डबा घेऊन आली होती. त्याने तो घेतला, ज्वारी वरच्या टोपलीत ओतली आणि गिरणी सुरू केली. त्या आवाजात काही बोलता येत नाही. मी परतीची बस धरली.

जांभळे पातळ माझ्याकडेच आहे. अशा कारणासाठी घेतलेले वस्त्र दुकानात परत घेत नाहीत, आणि मी विचारलेही नाही. पत्नीच्या कपाटात, तिच्या लुगड्यांखाली, ते घडी न मोडता ठेवले आहे.